इंद्रायणीचा देवमासा आणि सोळा आणे खऱ्या सोळा गोष्टी

चाकणच्या एका टूलरूममध्ये उभी हयात घालवलेले एक मामा माझ्या ओळखीचे आहेत. डाय घासून घासून त्यांची बोटं अशी तयार झाली आहेत की केसाएवढा उंचसखलपणा हात फिरवताच कळतो. सुट्टीच्या दिवशी हीच बोटं भामा नदीच्या काठी गळाची दोरी धरून बसतात. परवा त्यांनी मोबाईलवर हिमाचलच्या तीर्थन नदीतला एक व्हिडिओ दाखवला. खडकाळ दरी, फेसाळतं पाणी, त्यात गुडघाभर उतरलेला माणूस आणि त्याच्या हातात अंगभर ठिपके असलेला चकचकीत ट्राउट.

"काय राव, आपल्याकडं का नाही असं काही?" मामांनी विचारलं.

प्रश्न साधा होता, पण डोक्यातून जाईना. पिंपरी-चिंचवडला पवना, मुळा आणि इंद्रायणी अशा तीन नद्या. चाकणच्या एका अंगाला इंद्रायणी, दुसऱ्या अंगाला भामा, पुढं भीमा. सगळ्या सह्याद्रीच्या कड्यावरून उतरलेल्या. मग त्यांच्या पोटात काय काय आहे? शोधायला बसलो आणि एकामागून एक गोष्टी गळाला लागत गेल्या. त्यातल्या या निवडक सोळा.

1. ट्राउटला आपलं पाणी उकडतं

पहिलं उत्तर सरळ आहे. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. पाणी 20 अंशांच्या खाली असलं की तो खुशीत असतो, त्याच्या वर गेलं की बेचैन होतो. आपल्या नद्या उन्हाळ्यात सहज 25-30 अंशांवर जातात. सह्याद्रीवर बर्फ पडत नाही, त्यामुळं वैशाखात नदीला गार ठेवणारं काहीच नसतं. पवनेत ट्राउट सोडला तर होळीनंतर तो तग धरणार नाही. त्यात नदीचा दोष नाही. तिचा स्वभावच वेगळा आहे.

2. हिमालयातला ट्राउटही पाहुणाच

तीर्थनमधला तो ठिपकेवाला मासा मूळचा हिमालयातला नाही. ब्रिटिशांनी त्याला आपल्या हौसेसाठी आणलं. नीलगिरीच्या थंड ओढ्यांत 1860 च्या दशकापासून प्रयत्न सुरू झाले आणि बरीच वर्षं फसत राहिले. काश्मीरसाठी 1899 साली ब्रिटनहून निघालेली अंडी वाटेतच मेली. पुढच्या वर्षी, 1900 साली, दुसरी खेप जिवंत पोचली आणि तिथून काश्मीरच्या ट्राउटचा वंश सुरू झाला. कुलू खोऱ्यात तो त्यानंतर काही वर्षांनी गेला. आज आपण 'पहाडी मासा' म्हणून ज्याचे फोटो काढतो, त्याचा इथला मुक्काम सव्वाशे वर्षांचा आहे. आपल्या नद्यांतले मासे मात्र सह्याद्रीचे जुने वतनदार.

3. माशी लावून मासा

ट्राउटच्या शिकारीतली सगळ्यात देखणी कला म्हणजे खोटी माशी बांधणं. पक्ष्याचं पीस, रेशमाचा दोरा आणि जनावराचे केस यांची इवलीशी माशी गळावर गुंडाळतात आणि ती पाण्यावर अशी टाकतात की खरी माशी येऊन टेकली असं वाटावं. मराठीत माशी आणि मासा हे शब्द ऐकायला किती जवळचे. नदीतही त्यांचं नातं तितकंच जवळचं आहे. मेफ्लाय, कॅडिसफ्लाय अशा माश्यांची पिल्लं वाहत्या पाण्यात दगडाखाली वाढतात. कॅडिसची अळी तर वाळूचे कण आणि काड्या चिकटवून स्वतःभोवती नळीसारखं घर बांधते. मावळातल्या एखाद्या स्वच्छ ओढ्यात दगड उलटा करून पाहा, ही घरं हमखास दिसतील. ती दिसली की समजायचं, इथलं पाणी अजून निरोगी आहे. पाहून झालं की दगड होता तसा ठेवायला विसरू नका, ते कुणाचं तरी छप्पर आहे.

4. सह्याद्रीचा 'हिल ट्राउट'

आपल्या ओढ्यांत बोटभर लांबीचा एक चपळ मासा असतो. चंदेरी अंग, त्यावर निळसर उभे पट्टे आणि खवल्याखवल्यावर बारीक ठिपका. त्याचं शास्त्रीय नाव ऑप्सारियस बेंडेलिसिस. ठिपके आणि वेगवान पाण्याची आवड पाहून इंग्रजी पुस्तकांनी त्याला 'हिल ट्राउट' म्हटलं. गोत मात्र रोहू-कटल्याचं, ट्राउटशी रक्ताचं नातं नाही. पण खळाळत्या पाण्यात तोंड प्रवाहाकडं करून जागच्या जागी पोहत उभा राहतो, वरून कीटक पडला की झेप घेतो आणि परत आपल्या जागेवर येतो. ऐट अगदी ट्राउटची! मामांना अर्धं उत्तर इथंच मिळालं.

5. खरा पहिलवान: महाशीर

उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे महाशीर. 'महा' आणि 'शीर', म्हणजे मोठ्या डोक्याचा, अशी त्याच्या नावाची एक फोड सांगतात. हेन्री सुलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्यानं 1873 साली 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिलं. गळाला लागल्यावर झुंज देण्यात महाशीर सॅमनलाही मागं टाकतो, असं त्याचं ठाम मत होतं. गळ लागला की हा मासा पहिल्या झटक्यातच खडकांकडं सुसाट धावतो आणि रिळावरची दोरी सरसर सुटत जाते. दख्खनच्या नद्यांतल्या जातीचं नाव टोर खुद्री. पाठ गडद, मोठाले खवले, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या आणि निळसर झाक असलेले पर. इंद्रायणी, मुळा, भीमा ही त्याची मूळ घरं.

6. दात घशात, ताट काठावर

महाशीराच्या जबड्यात एकही दात नाही. दात आहेत ते थेट घशात! जाड ओठांनी भक्ष्य ओढून घ्यायचं आणि घशातल्या दातांनी गोगलगायीचं कवच, खेकड्याची पाठ फोडायची, अशी त्याची पद्धत. शाकाहारही चालतो. काठावरच्या उंबराची, जांभळाची फळं पाण्यात पडली की तो त्यांवर तुटून पडतो. म्हणून नदीकाठचं झाड तोडलं की वरची सावली जाते आणि खालचं ताटही जातं. काठ सिमेंटनं बांधून काढायचा विचार करताना ही पंगत आठवायला हवी.

7. लॅटिन पोथीतली मराठी नावं

ही माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. विल्यम हेन्री साइक्स हा लष्करी अधिकारी 1820 च्या दशकात मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरत होता. पिकं, माणसं, बाजारभाव मोजता मोजता त्यानं नद्यांतले मासेही गोळा केले आणि 1839 साली त्यांची शास्त्रीय वर्णनं छापली. बऱ्याच नवीन जातींना नावं देताना ग्रीक-लॅटिन शब्द जुळवत बसण्याऐवजी त्यानं इथल्या लोकांच्या तोंडची नावं जशी कानावर पडली तशी उचलली.

आता ही यादी मोठ्यानं वाचा: मिस्टस सींगटी, लॅबिओ बोगट, लॅबिओ पोटेल, गारा मुल्या, हिप्सेलोबार्बस कोलस, थायनिक्थिस सँडखोल, प्रोयुट्रोपिक्थिस टाकरी. पहिला शब्द बहुतेक ठिकाणी परदेशी, दुसरा आपल्या घाटावरचा! बाजारात आजही 'शिंगटी' मागितली की मिशाळ मासा तुमच्यापुढं येतो. पॅरिस असो वा टोकियो, जगातला कुठलाही मत्स्यशास्त्रज्ञ या माशांबद्दल बोलतो तेव्हा नकळत मावळातल्या नदीकाठाची मराठी बोलतो. ज्यांनी ती नावं सांगितली, त्यांची स्वतःची नावं कुठंच लिहिलेली नाहीत. त्यांचे शब्द मात्र जवळजवळ दोनशे वर्षं टिकून आहेत.

आणि टोर खुद्री? तो साइक्सला पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला. पवनेचं पाणी दापोडीला मुळेत जातं आणि तीच मुळा पुढं मुठेला भेटते. म्हणजे दख्खनी महाशीराची जगाशी पहिली ओळख झाली ती आपल्याच पाण्यात.

8. छातीनं खडक धरणारे

पुण्याच्या नावाचाही एक मासा आहे: ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस. सुंदरलाल होरा या थोर मत्स्यशास्त्रज्ञांनी 1938 साली त्याचं वर्णन केलं. बोटाएवढा हा मिशाळ मासा छातीवरच्या सुरकुत्यांनी खडकाला चिकटून बसतो आणि वरून पावसाळ्याचा लोंढा गेला तरी हलत नाही. आज त्याची गणना धोक्यात आलेल्या जातींत होते.

त्याचा शेजारी म्हणजे वर आलेला गारा मुल्या. त्याच्या हनुवटीखाली चकतीसारखा चोषक असतो. नाणे मावळातल्या एका ओढ्यात मी ओंजळीत पाणी घेतलं आणि त्यात एक चुकार पिल्लू आलं. पाणी बोटांमधून गळून गेलं तरी ते तळहाताला चिकटून राहिलं, जणू ओला शिक्का उमटवावा तसं. हात पुन्हा पाण्यात बुडवला, क्षणभर थांबलं आणि मग सुळकन निसटलं. ती इवलीशी पकड तळहाताला अजून आठवते.

असे ओढ्यातले मासे हिमालयातही आहेत आणि सह्याद्रीतही, मग मधल्या सपाटीवर का नाहीत? होरांनी यावर 1949 साली उत्तर सुचवलं की फार पूर्वी सातपुड्याच्या रांगेनं त्यांना डोंगराडोंगरानं वाट करून दिली असावी. 'सातपुडा सिद्धांत' म्हणून तो ओळखला जातो आणि त्यावर अभ्यासक आजही वाद घालतात.

9. राजाचा मत्स्यविनोद

गळ टाकून मासा पकडण्याचा खेळ इंग्रजांनी शिकवला असं वाटत असेल तर थोडं मागं जाऊ. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं 1129 च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आपल्या सीमेला लागूनच. राजानं मन कसं रमवावं हे सांगताना त्यात 'मत्स्यविनोद' असा स्वतंत्र भाग आहे. माशांचे प्रकार, त्यांना काय खाऊ घालावं, काठी, दोरी, गळ आणि आमिष कसं असावं, सगळं शिस्तीत सांगितलं आहे. याच ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओव्या गातात अशीही नोंद आहे. उखळाजवळची ओवी आणि नदीकाठचा गळ एकाच राजाच्या कान-डोळ्यांनी टिपले, हे वाचून मला फार आनंद झाला.

10. देवाचा डोह

शब्दकोशात 'देवमासा' म्हणजे समुद्रातला व्हेल. देहूत मात्र देवमासा म्हणजे इंद्रायणीच्या डोहातला महाशीर. तुकोबांच्या गाथा इथल्याच पाण्यात बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी तरल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. त्या डोहातल्या माशाला कुणी गळ लावत नाही.

अशा जागा आणखीही आहेत. महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळणकोंडीत वरदायिनी देवीचे मासे आहेत. भाविक चुरमुरे टाकतात आणि पाणी एकदम काळ्या पाठींनी भरून जातं. पालघर जिल्ह्यात वैतरणेकाठी तिळसे इथं महादेवाच्या देवळापाशी मासे राखले जातात. कर्नाटकात शृंगेरीला तुंगेच्या घाटावर तेच दृश्य. सरकारी फलक लागण्याच्या कितीतरी आधी लोकांनी नदीचा एक तुकडा देवाच्या नावावर करून ठेवला आणि माशांना अभय दिलं. पण देवाच्या डोहालाही वरून वाहत येणारं घाण पाणी अडवता येत नाही. देहूच्या डोहात मासे मरून पडल्याच्या बातम्या येतात तेव्हा श्रद्धा कमी पडलेली नसते, आपली सांडपाण्याची व्यवस्था कमी पडलेली असते.

11. वळवणचं बाळंतघर

लोणावळ्याजवळचं वळवण आपल्याला तलाव आणि चिक्कीच्या वाटेवरचं ठिकाण म्हणून माहीत. मासेवाल्यांच्या जगात ते महाशीराचं बाळंतघर म्हणून प्रसिद्ध आहे. घाटमाथ्यावरच्या टाटांच्या तलावांचं पाणी पश्चिमेला खाली सोडून वीज तयार होते. खोपोलीचं वीजघर 1915 सालचं, भिवपुरीचं 1922 आणि भिऱ्याचं 1927 सालचं. धरणं झाली आणि महाशीरांची ये-जा अडली. तेव्हा 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला टाटा कंपनीनं वळवणला महाशीराची पैदास हाती घेतली. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले या शास्त्रज्ञांनी ती यशस्वी करून दाखवली.

पद्धत सुइणीच्या हातासारखी हलकी. पावसाळ्यात तयार झालेली मादी हळूच धरायची, पोटावरून हलका हात फिरवून अंडी भांड्यात घ्यायची, त्यात नराचं वीर्य मिसळायचं आणि अंडी वाहत्या स्वच्छ पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवायची. तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात. अंडी लांब पाठवायची असतील तर ओल्या कापसात गुंडाळून पाठवता येतात, हेही इथंच दाखवून दिलं गेलं. वळवणची पिल्लं पुढं अनेक राज्यांत पोचली. निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेनं एकेकाळी 'धोक्यात' म्हणून नोंदवलेला हा मासा आता 'कमी चिंतेच्या' यादीत आला आहे.

12. कावेरीतला धडा

या यशोगाथेला दुसरी बाजू आहे आणि ती सांगायलाच हवी. आपला निळ्या पराचा महाशीर कावेरीतही सोडला गेला. हेतू चांगला होता. पण कावेरीचा स्वतःचा महाशीर आधीच तिथं होता: पाठीवर उंचवटा असलेला, जगातल्या सगळ्यात मोठ्या महाशीरांपैकी एक. कावेरीची उपनदी कबिनीत 1946 साली व्हॅन इंगेन या शिकाऱ्यानं 120 पौंडांचा, म्हणजे 54 किलोंचा मासा पकडला होता. पाहुणा रुजत गेला आणि घरचा मालक कमी होत गेला. या कुबडवाल्या माशाचं शास्त्रीय नावही पक्कं व्हायला 2018 साल उजाडलं: टोर रेमादेवी. आज तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे.

मासा तोच, पण इंद्रायणीत तो वारसदार आणि कावेरीत घुसखोर ठरतो. प्रत्येक नदीला तिचंच लेकरू द्यावं, हा धडा कावेरीनं फार महाग शिकवला.

13. बंगालच्या उपसागराहून पायी आल्यासारखा

इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. भीमेची लांबी सुमारे 860 किलोमीटर, कृष्णेची सुमारे 1,400. आता कल्पना करा की एक मासा समुद्रात जन्मतो आणि काचेसारखं पारदर्शक पिल्लू असताना नदीच्या मुखातून आत शिरून वर वर चढत राहतो. गोड्या पाण्यातला अहीर हा तो मासा, सापासारखा लांब आणि गुळगुळीत. आयुष्य नदीत काढायचं आणि अंडी घालायला पुन्हा समुद्रात जायचं, असा त्याचा क्रम. साइक्सनं दख्खनच्या अहिराला मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याचं नाव दिलं होतं. बाजारात 'वाम' म्हणून मिळणारा पाठीवर काटे असलेला मासा वेगळा, दोघांत गल्लत करू नका. आज वाटेत एकामागून एक धरणं उभी आहेत. तरीही पुण्याच्या नद्यांतल्या माशांच्या नोंदींत अहीर आहे, हे आठवलं की त्या चिवट जिवाला हात जोडावेसे वाटतात.

14. मृगाची चढण

पहिला दणदणीत पाऊस झाला, ओढे गढूळ झाले की मासे प्रवाहाच्या उलट वर निघतात. यांना आपण 'चढणीचे मासे' म्हणतो, कोकणात 'वलगण'. उथळ, प्राणवायूनं भरलेल्या पाण्यात, वाळू-गोट्यांत आणि भातखाचरांच्या कडेला अंडी घालायला ते जातात. लोणावळ्याकडं वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि चाकणकडं त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढा. त्यामुळं वरच्या मावळात ओढे जिवंत होतात तेव्हा खालचा मासा हा निरोप पाण्याच्या चवीतून आणि जोरातून ओळखतो.

चढणीला धरलेली मादी म्हणजे पोटात पुढची पिढी घेऊन निघालेली आई. जुने भोई आणि कातकरी थोडेच मासे घरापुरते धरत. आता मात्र काही ठिकाणी बारीक जाळं आडवं लावून अख्खा ओढाच उपसतात, कुठं सुरुंग लावतात, कुठं ब्लिचिंग पावडर टाकतात. चढणीच्या दिवसांत हात आवरला तर वर्षभर नदी भरलेली राहते. इतका स्वस्त विमा दुसरा नाही.

15. चिलापी, हेलिकॉप्टर आणि गप्पी

आज पिंपरी-चिंचवडच्या पुलाखाली गळ टाकला तर काय लागेल? बहुतेक वेळा चिलापी. हा मूळचा आफ्रिकेतला तिलापिया, आपल्या तोंडी रुळून चिलापी झाला. उजनी धरणाच्या पाण्यात तर तो इतका वाढला की भिगवणच्या बाजारात त्याचाच बोलबाला. घाणीत तगतो, पिल्लं तोंडात सांभाळतो, भराभर वाढतो. त्याच्या जोडीला घरच्या काचेच्या टाकीतून नदीत सोडलेला सकरफिश आहे, ज्याला पोरं हेलिकॉप्टर मासा म्हणतात. अंगावर चिलखतासारखी साल, त्यामुळं त्याला कुणी खातही नाही आणि जाळी मात्र फाटतात. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून डबक्यांत सोडलेला गप्पी हा तिसरा. त्रिनिदादमधल्या रॉबर्ट गप्पी या गृहस्थाच्या आडनावावरून त्याला हे नाव मिळालं.

टाकीतला मासा कंटाळा आला म्हणून नदीत 'मुक्त' करू नका. दुकानात परत द्या, मित्राला द्या. नदीत सोडलेला एक परका मासा म्हणजे घरच्या दहांच्या तोंडचा घास गेला.

16. शेवटचा हिशेब प्राणवायूचा

मासे पाण्यातला विरघळलेला प्राणवायू श्वासात घेतात. पाणी गार असेल तर तो जास्त मावतो. शून्य अंशाला एका लिटरमध्ये सुमारे 14.6 मिलिग्रॅम, 20 अंशांना सुमारे 9.1 आणि 30 अंशांना सुमारे 7.5. म्हणजे आपल्या नदीची थैली मुळातच लहान. त्यात सांडपाणी मिसळलं की ते कुजवणारे जिवाणू हाच प्राणवायू फस्त करतात आणि माशाच्या वाट्याला काही उरत नाही. साबण-डिटर्जंटचं पाणी बंधाऱ्यावरून पडलं की फेस होतो. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा तो पांढरा फेस लांबून बर्फासारखा दिसतो. ट्राउटच्या नदीचा फेस हवेचा असतो, पाण्याला श्वास देणारा. आपल्याकडचा फेस आपल्या मोरीतून आणि नाल्यातून आलेला असतो, श्वास कोंडणारा.

आणि तरीही आशा आहे. इंद्रायणीच्या उगमापासून संगमापर्यंत अभ्यासकांनी पन्नासहून अधिक जातींचे मासे नोंदवले आहेत. ते अजून आहेत, बहुतेक वरच्या अंगाला. कुरवंड्याजवळचा उगम, आंद्रा आणि कुंडली या उपनद्या, तिकडचं पाणी अजून गोट्यांवरून खेळत येतं. कारखान्याच्या गेटपासून गाडीनं दीड-दोन तासांवर ती दुर्गम, खडकाळ, डोंगरी नदी आहे. पुढं हीच नदी आपल्या पुलाखालून जाते. ट्राउटसाठी हिमाचल गाठावं लागतं, आपल्या महाशीरासाठी खालचं पाणी वरच्यासारखं ठेवलं की पुरे.

हे सगळं घेऊन मी पुन्हा मामांकडं गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. साइक्सच्या यादीतली नावं दोनदा म्हणायला लावली. 'शिंगटी' आणि 'बोगट' ऐकून त्यांचा चेहरा असा फुलला की जणू गावाकडचं कुणी भेटलं. मग ते उठले, डबीतून गळ काढले, कानस घेतली आणि गळाच्या टोकामागचा उलटा काटा घासायला लागले. हा काटा माशाच्या ओठात अडकतो आणि काढताना जखम करतो. तो नसला की मासा सहज सुटतो.

"आता पोटापुरती चिलापी ठेवायची," कानस न थांबवता ते म्हणाले, "आणि तो देवमासा कधी चुकून लागलाच, तर हात ओला करून परत सोडायचा. कोरड्या हातानं त्याच्या अंगाचा बुळबुळीत थर निघतो म्हणे."

हे त्यांना मी सांगितलं नव्हतं, नदीनंच शिकवलं असणार. घासून झालेल्या गळावरून त्यांनी बोट फिरवलं. केसाएवढाही उंचवटा राहिला नव्हता.